भाषणाला होलोग्राम, तहाला माणूस

२००८ च्या जानेवारीत अबू धाबीमध्ये ‘वर्ल्ड फ्यूचर एनर्जी समिट’ ही ऊर्जाविषयक परिषद भरली होती. ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांचं भाषण ठरलं होतं. ते मंचावर अवतरले, हवामानबदलाविषयी जे बोलायचं ते बोलले आणि बोलणं संपताच हवेत विरून गेले. ‘विरून गेले’ हे अलंकारिक नाही, प्रेक्षकांनी खरोखरच तसं पाहिलं. युवराज अबू धाबीला गेलेच नव्हते. पर्यावरण वाचवा म्हणून सांगायला विमानाने हजारो किलोमीटर जायचं, ही विसंगती टाळण्यासाठी त्यांचं चित्रण आधीच करून ठेवलं होतं आणि मंचावर दिसली ती त्यांची त्रिमित भासणारी प्रतिमा.

पुढे हा प्रयोग राजकारण्यांच्या हातात गेला. २०१२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी एका जागेवरून बोलत आणि डझनावारी गावांतल्या मंचांवर एकाच वेळी ‘उभे’ राहत. तुर्कस्तानचे एर्दोआन २०१४ मध्ये इझमीरच्या सभेत असेच प्रकटले. २०१७ मध्ये फ्रान्सचे ज्याँ-ल्यूक मेलाँशाँ ल्योंमध्ये बोलत असताना पॅरिसजवळच्या सभेतही दिसत होते. पण हे सगळं देशांतर्गत प्रचाराचं. परराष्ट्र व्यवहारातला ठळक प्रसंग जून २०२२ चा. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की युद्ध चालू असताना देशाबाहेर पडू शकत नव्हते. त्यांचा होलोग्राम लंडन, पॅरिस अशा युरोपीय शहरांतल्या तंत्रज्ञान मेळाव्यांत उभा राहिला आणि उद्योजकांकडे मदत मागू लागला. राष्ट्राध्यक्षाने होलोग्राममधून बोलणं विचित्र आहे हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि ‘स्टार वॉर्स’चा दाखला देऊन टाळ्याही मिळवल्या.

या सगळ्या प्रसंगांत एक जण बोलतो आहे आणि बाकीचे ऐकत आहेत. देवाणघेवाण नाही, घासाघीस नाही, मसुद्यातल्या एका शब्दावरून रात्र जागवणं नाही. होलोग्राम आणि मुत्सद्देगिरी यांची सांगड घालताना हा फरक कायम नजरेसमोर ठेवावा लागतो. हे तंत्र भाषणासाठी उत्तम आहे. वाटाघाटींचा मामला वेगळा.

आधी तंत्राकडे वळू, कारण तिथेच पहिला गोंधळ आहे. चार्ल्स, मोदी, एर्दोआन यांच्या ज्या प्रतिमांना आपण होलोग्राम म्हणतो, त्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने होलोग्राम नव्हेतच. रात्रीच्या एसटीत आत दिवे लागलेले असताना खिडकीच्या काचेतून बाहेर पाहा: बाहेरच्या अंधाऱ्या झाडांवर आपलाच चेहरा तरंगताना दिसतो. काच पारदर्शकही असते आणि थोडी आरशासारखीही, एवढंच यामागचं रहस्य. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी हीच युक्ती रंगमंचावर आणली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण नाव झालं ‘पेपरचं भूत’. मंचावर तिरकी काच, खाली खड्ड्यात लपलेला नट आणि त्याच्यावर झगझगीत प्रकाश. प्रेक्षकांना दिसतं ते मंचावर फिरणारं आरपार भूत. आज काचेच्या जागी तिरक्या कोनात ताणलेला अतिपातळ पारदर्शक पडदा असतो आणि लपलेल्या नटाच्या जागी प्रोजेक्टर. बाकी सगळं दीडशे वर्षांपूर्वीचंच. प्रतिमा सपाटच असते. अंधार, अंतर आणि पाहणाऱ्याची तयारी यांमुळे ती भरीव वाटते. बाजूला जाऊन पाहिलं तर नेत्याचा कान काही दिसत नाही.

२००८ मध्ये अमेरिकी निवडणुकीच्या रात्री सीएनएनने तर याहून मोठी गंमत केली. शिकागोतली वार्ताहर स्टुडिओत होलोग्राम होऊन उभी आहे आणि निवेदक वुल्फ ब्लिट्झर तिच्याशी गप्पा मारतो आहे, असं प्रेक्षकांनी पाहिलं. प्रत्यक्षात ब्लिट्झरच्या समोर रिकामी जमीन होती. प्रतिमा संगणकाने फक्त प्रक्षेपणात मिसळली होती.

खरा होलोग्राम शोधला डेनिस गाबोर यांनी. हंगेरीत जन्मलेले हे अभियंते १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी गावात एका विद्युत कंपनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारण्याच्या खटपटीत होते. साध्या छायाचित्रात प्रकाश किती तीव्र आहे एवढीच नोंद होते. पण प्रकाश ही लाट आहे, आणि त्या क्षणी लाट चढावर होती की उतारावर, ही माहिती फोटोत हरवते. वस्तू किती पुढे, किती मागे हे नेमकं त्या हरवलेल्या माहितीत दडलेलं असतं. गाबोर यांनी वस्तूवरून आलेल्या प्रकाशात दुसरा एक सरळ, ठरावीक प्रकाश मिसळला. दोन लाटा एकमेकींवर आदळून फिल्मवर सूक्ष्म रेघांची जी नक्षी उमटते, तिच्यात तीव्रता आणि लाटेची अवस्था दोन्ही कैद होतात. पुढे त्या नक्षीवर तसाच प्रकाश टाकला की मूळ वस्तूवरून निघालेली लाट जशीच्या तशी पुन्हा उभी राहते, आणि डोळा फसतो असं म्हणण्यातही अर्थ उरत नाही. असा होलोग्राम कापून तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून पूर्ण दृश्य दिसतं, फक्त जरा अरुंद झरोक्यातून पाहिल्यासारखं. १९६० मध्ये लेझर आला, अमेरिकेत लीथ आणि उपात्निएक्स यांनी व सोव्हिएत रशियात डेनिस्यूक यांनी ही कल्पना खऱ्या अर्थाने उभी केली, आणि १९७१ मध्ये गाबोर यांना नोबेल मिळालं. म्हणजे क्रेडिट कार्डावर चमकणारा तो छोटा पक्षी हा मंचावरच्या नेत्यापेक्षा कितीतरी अस्सल होलोग्राम आहे!

मग हलता-बोलता, अस्सल होलोग्राम एका राजधानीतून दुसरीत का पाठवत नाहीत? साधा हिशेब करून पाहू. प्रकाशाची लाट घडवायची तर पडद्यावरचे ठिपके तिच्या लांबीइतके, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनचे हवेत. एक मीटर रुंदीत असे २० लाख ठिपके बसतात. एक मीटर बाय एक मीटर पडद्यावर ४ लाख कोटी. आपल्या घरच्या फोर-के टीव्हीवर सुमारे ८३ लाख असतात. प्रत्येक ठिपक्याला फक्त ‘चालू की बंद’ एवढाच निरोप द्यायचा आणि सेकंदाला ३० चित्रं दाखवायची म्हटलं, तरी दर सेकंदाला १२० लाख कोटी बिट मोजून, धाडून, दाखवावे लागतील. माणसाचं फक्त अर्धं धड दिसावं म्हणून एवढा खटाटोप! म्हणून संशोधक आडवाटा शोधतात: चहूबाजूंनी कॅमेरे लावून माणसाचं त्रिमित प्रतिरूप टिपायचं, ते संकुचित करून पाठवायचं आणि समोरच्या माणसाच्या दोन डोळ्यांना जेवढं लागतं तेवढंच दाखवायचं. गूगलने २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट स्टारलाइन’ म्हणून असाच एक कक्ष दाखवला. त्यात चष्मा लागत नाही, समोरचा माणूस काचेपलीकडे बसल्यासारखा वाटतो आणि नजरेला नजर मिळते. सभा गाजवायला तो निरुपयोगी, पण दोघांनी समोरासमोर बसून बोलण्यासाठीच बनवलेला. मुत्सद्द्यांच्या कामाचं काही असेल तर ते हे, मंचावरचं भूत नव्हे.

अर्थात अंतर कुणाला चुकत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर धरले तरी जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग नुसत्या प्रवासात जातो. टिपणं, दाबणं, उलगडणं याचा वेळ वेगळा. माणसं बोलताना एकाचं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम सेकंदाचा पाचवा भाग जातो. त्यापुढचा प्रत्येक विलंब मनाला ‘हा विचारात पडला’ किंवा ‘हा टाळतोय’ असा भासतो. मित्राशी बोलताना याने काही बिघडत नाही. सीमेवर सैन्य उभं असताना बिघडू शकतं.

या बाबतीत शीतयुद्धातल्या लोकांनी दाखवलेलं शहाणपण मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर होतं, आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं पत्र अमेरिकी अध्यक्ष केनेडींच्या हाती पूर्णपणे पडायला तासन्‌तास लागत होते. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांनी आठवणींत लिहिलं आहे, की मॉस्कोला पाठवायची तार न्यायला वेस्टर्न युनियनचा पोऱ्या सायकलवरून येई. तो वाटेत कुठे रेंगाळला नाही म्हणजे मिळवली, अशी स्थिती! पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९६३ पासून, दोन राजधान्यांमध्ये थेट ‘हॉटलाइन’ सुरू झाली. सिनेमात ती लाल टेलिफोन म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात ते टंकयंत्र होतं. फोन त्या काळी सहज शक्य होता, तरी आवाज मुद्दाम वगळला गेला. घाईत बोललेला शब्द, सुरातला चढ, दुभाष्याची एखादी चूक यांतून भलताच अर्थ निघू शकतो. लिहिलेला मजकूर मात्र शांतपणे वाचता येतो, भाषांतर तपासता येतं, उत्तर द्यायला उसंत मिळते. म्हणजे सर्वांत नाजूक संवादासाठी दोन महासत्तांनी जाणूनबुजून ‘कमी’ तंत्रज्ञान निवडलं. समोरचा जितका हुबेहूब दिसेल तितकी मुत्सद्देगिरी सोपी, हे गृहीतकच तपासून घ्यायला हवं.

मग समोरासमोर भेटण्यात नेमकं काय साधतं? यावर सप्टेंबर १९७८ च्या कॅम्प डेव्हिडची हकिगत बोलकी आहे, कारण ती आपल्या अंदाजाप्रमाणे जात नाही. इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना अमेरिकी अध्यक्ष कार्टर यांनी डोंगरातल्या त्या विश्रामस्थानी तेरा दिवस ठेवून घेतलं. सुरुवातीच्या बैठकांत दोघांची अशी खडाजंगी झाली, की नंतरचे बहुतेक दिवस ते वाटाघाटीसाठी एकमेकांसमोर आलेच नाहीत. कार्टर मसुदा घेऊन या कुटीतून त्या कुटीत फेऱ्या मारत राहिले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून बेगिन यांचं बिनसलं आणि सगळं मोडायच्या बेताला आलं. त्यांना कार्टर-सादात-बेगिन अशा तिघांच्या फोटोच्या प्रती नातवंडांसाठी सही करून हव्या होत्या. कार्टरनी प्रत्येक नातवंडाचं नाव मिळवून ते फोटोवर लिहिलं आणि स्वतः कुटीत नेऊन दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, त्यांचा आवाज कातर झाला, दोघे नातवंडांविषयी बोलत बसले. त्यानंतर बोलणी पुन्हा रुळावर आली.

यात चेहऱ्याला चेहरा भिडणं हे निर्णायक नव्हतंच. निर्णायक होतं ते एकाच आवारात अडकून पडणं. उठून जायचं तर सामान बांधावं लागणार, गाडी मागवावी लागणार, बाहेर पत्रकार उभे असणार आणि ‘बोलणी यांनी मोडली’ हा शिक्का कपाळावर बसणार. निघून जाण्याला किंमत होती म्हणून माणसं थांबली, आणि थांबली म्हणून त्या फोटोंना वेळ मिळाला. होलोग्राममधून उठून जायला एक बटण पुरतं. वर ‘संपर्क तुटला’ अशी सबबही तयार. प्रतिमा कितीही भरीव करा, हे वजन तिच्यात भरता येत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीबाहेरच्या बोलण्याची. जुलै १९८२ मध्ये जिनिव्हात क्षेपणास्त्रांवरची बोलणी अडली, तेव्हा अमेरिकेचे पॉल नित्झे आणि सोव्हिएत प्रतिनिधी क्वित्सिन्स्की जवळच्या जुरा डोंगरात फिरायला गेले आणि एका ओंडक्यावर बसून त्यांनी आपापसांत तोडगा मांडला. दोन्ही सरकारांनी तो फेटाळला, हेही सांगायला हवं. पण तसा तोडगा बोलून पाहण्याची मुभा त्यांना मिळाली, कारण तिथे तिसरा कान नव्हता. होलोग्राममध्ये तिसरा कान हा यंत्रणेचाच भाग आहे. प्रत्येक हालचाल आधी टिपली जाते आणि मगच पलीकडे दिसते.

टिपलं जातं ते किती, याचीही कल्पना असावी. नुसत्या चेहऱ्याच्या व्हिडिओतून, त्वचेच्या रंगात होणाऱ्या सूक्ष्म बदलांवरून नाडीचे ठोके मोजता येतात. त्रिमित चित्रणात हाताचा कंप, मानेचा ताठरपणा, श्वासाची लय अशी भर पडते. राष्ट्रप्रमुखाची तब्येत हे सगळीकडेच गुपित मानतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन पुतिन यांना भेटायला मॉस्कोला गेले, तेव्हा रशियन डॉक्टरांना कोविड चाचणीसाठी नमुना द्यायला त्यांनी नकार दिला. आपला डीएनए रशियाच्या हाती पडू नये ही त्यामागची काळजी असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. परिणामी त्यांना सुमारे सहा मीटर लांबीच्या त्या प्रसिद्ध टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसावं लागलं. नाकातला एक बोळा द्यायला जिथे हे तयार नाहीत, तिथे अख्ख्या शरीराचं मोजमाप दर सेकंदाला समोरच्याच्या यंत्रात जाऊ द्यायला कोण राजी होईल?

आणि समोर आहे तो तोच कशावरून? झेलेन्स्कींचा होलोग्राम युरोपात फिरत होता त्याच जून २०२२ मध्ये बर्लिनच्या महापौर फ्रान्झिस्का गिफाय कीव्हचे महापौर क्लिचको यांच्याशी व्हिडिओवर बोलत होत्या. काही वेळाने प्रश्नांचा रोख विचित्र वाटू लागला आणि त्यांच्या लक्षात आलं, की पडद्यावर क्लिचकोंचा चेहरा आहे, पण बोलणारे ते नव्हेत. व्हिएन्ना आणि माद्रिदच्या महापौरांनाही तसेच फोन गेले होते. याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांच्या गुप्त दूरबैठकीत एक डच पत्रकार हात हलवत हजर झाला होता. डच संरक्षणमंत्रिणबाईंच्या ट्विटरवर टाकलेल्या फोटोत बैठकीचा संकेतांक जवळजवळ पूर्ण दिसत होता, उरलेलं त्याने जुळवलं. प्रत्यक्ष दरबारात सोंग घेऊन शिरणं याहून फार अवघड आहे.

इतकं असूनही देहाविना हजेरीचा प्रश्न मुत्सद्द्यांपुढे येऊन ठेपला आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीत राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सात देशांच्या राजदूतांची अधिकारपत्रं व्हिडिओद्वारे स्वीकारली. राष्ट्रपती भवनाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी या समारंभात घोड्यावरचे अंगरक्षक, लाल गालिचा, पत्र हातातून हातात देणं असा सगळा थाट. तो वगळूनही राजदूत राजदूतच राहिले.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत राष्ट्रप्रमुखांची ध्वनिचित्रमुद्रित भाषणं चालली. साथ ओसरली तशी सवलत गेली, आणि मग पडद्यावर कुणाला येऊ द्यायचं हाच राजकीय मुद्दा झाला. २४ ऑगस्ट २०२२ ला सुरक्षा परिषदेत झेलेन्स्की व्हिडिओवरून बोलणार होते. रशियाचं म्हणणं, बोला, पण इथे येऊन बोला. मतदान घ्यावं लागलं: बाजूने १३, विरोधात एकटा रशिया, चीन तटस्थ. बाजूच्या तेरांमध्ये भारत होता. युक्रेनच्या बाबतीत सुरक्षा परिषदेत भारताने रशियाच्या विरोधात दिलेलं ते पहिलं मत, आणि तेही एका पडद्यासाठी! पुढच्या महिन्यात आमसभेनेही १०१ विरुद्ध ७ मतांनी झेलेन्स्कींच्या मुद्रित भाषणाला परवानगी दिली. प्रतिमेच्या प्रवेशाला एवढी किंमत असेल, तर उद्या होलोग्राम कुठल्या खुर्चीत ‘बसणार’ यावरून भांडणं होतील यात मला शंका नाही. शिवाजी महाराजांना आग्र्याच्या दरबारात कुठल्या रांगेत उभं केलं, यावरून इतिहासाला वळण लागलं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आणि व्हिएतनाम युद्धावरच्या पॅरिस वाटाघाटी १९६८-६९ च्या हिवाळ्यात टेबलाचा आकार कसा असावा यावरून कित्येक आठवडे रखडल्या होत्या.

कायद्याची बाजू आणखी गुंतागुंतीची. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजदूताच्या देहाला संरक्षण दिलं, कागदपत्रांना दिलं, टपालाच्या थैलीला दिलं. राजदूताच्या त्रिमित प्रतिरूपाची नोंद कुणाच्या संगणकात राहिली तर ती कुणाची मालमत्ता, हे त्यात कुठून असणार? उलट देह नसणं काहींच्या सोयीचंही आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट असल्यामुळे पुतिन ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेला पडद्यावरून हजर राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर पाय ठेवला असता, तर त्या देशावर त्यांना पकडण्याची जबाबदारी आली असती. प्रतिमेला बेड्या घालता येत नाहीत.

गरज सर्वांत खरी आहे ती लहान देशांची. शंभर राजधान्यांत वकिलाती उघडणं त्यांना परवडत नाही, एका मंत्र्याचा परिषदेचा प्रवास म्हणजे चार विमानं बदलणं. प्रशांत महासागरातला तुवालू हा सुमारे अकरा हजार वस्तीचा देश. त्याचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेसाठी गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण चित्रित केलं. पुढच्या वर्षी त्यांनी संगणकात घडवलेल्या बेटावरून बोलत जाहीर केलं, की जमीन बुडाली तर देशाची डिजिटल प्रतिकृती तरी उरेल. भूमी नसलेला देश आणि देह नसलेला प्रतिनिधी अशी ही कल्पना. तिने जगाचं लक्ष वेधलं खरं, पण समुद्र वाढला तरी तुवालूचं सार्वभौमत्व कायम राहील, हे दुसऱ्या देशाने मान्य केल्याचा करार झाला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियाबरोबर. त्यावर दोन्ही पंतप्रधानांनी कुक बेटांवर समोरासमोर सह्या केल्या.